अनुभवी संगणक अभियंत्याची मुलाखत: नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे कशी तयार करावीत

बांभोरी, फैजपूर, शिरपूर किंवा धुळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून पुणे, मुंबई, बेंगळुरू येथे गेलेले खान्देशातील अनेक जण आज दहा ते पंधरा वर्षांच्या अनुभवावर उभे आहेत. त्यांतील काही जण आता जळगाव-भुसावळला घरी राहून काम करतात, काही जण तशी संधी शोधत आहेत. मी स्वतः जळगावहून काम करतो आणि गेली काही वर्षे मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसत आलो आहे. आपल्या भागातील अनुभवी उमेदवार मुलाखतीत मागे पडतात ते बहुधा ज्ञानाच्या अभावामुळे नव्हे, हे मी वारंवार पाहिले आहे. ते वर्षे सांगतात, तंत्रज्ञानांची नावे सांगतात, प्रकल्प किती मोठा होता ते सांगतात. पण त्या प्रकल्पात त्यांनी स्वतः काय ठरवले, हे तासाभराच्या बोलण्यात एकदाही येत नाही.

नवख्या उमेदवाराला आणि बारा वर्षे काम केलेल्या उमेदवाराला विचारले जाणारे प्रश्न बरेचसे सारखेच असतात. नवख्याच्या उत्तरातून तो शिकू शकेल का हे पाहिले जाते. अनुभवी माणसाच्या उत्तरातून पाहिले जाते ते असे की, दोन-तीन मार्ग समोर असताना तो कोणता निवडतो, कशाच्या आधारावर निवडतो आणि निवड चुकली तर काय करतो. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत: प्रत्येक उत्तरात आपण घेतलेला एखादा निर्णय, त्याचे कारण आणि त्याची किंमत स्पष्ट दिसली पाहिजे.

पहिली पायरी: निर्णयांची वही

मुलाखतीच्या किमान तीन आठवडे आधी एक साधी वही घ्यावी आणि गेल्या पाच-सहा वर्षांतील असे आठ ते दहा प्रसंग आठवून लिहावेत, ज्यांत आपल्यापुढे एकाहून अधिक मार्ग होते. प्रत्येक प्रसंगासाठी पाच गोष्टी लिहाव्यात: काय अडले होते आणि त्यामुळे कोणाचे नुकसान होत होते, कोणकोणते मार्ग उपलब्ध होते, आपण कोणता निवडला आणि का, त्यामुळे कोणता आकडा बदलला, आणि त्या निवडीसाठी काय किंमत मोजावी लागली. मुलाखतीच्या तयारीसाठी परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम अशी चार भागांची ‘स्टार’ पद्धत सर्वत्र सांगितली जाते. ती चांगली आहे, परंतु तिच्यात पर्याय आणि किंमत यांना वेगळी जागा नाही, आणि अनुभवी माणसाची पारख नेमकी या दोन ठिकाणी होते. तांत्रिक निर्णय फुकट मिळत नाही. कॅशे लावली, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी साठवून ठेवली, की पान लवकर उघडते, पण काही काळ जुनी माहिती दिसू शकते. एका मोठ्या प्रणालीचे लहान सेवांमध्ये तुकडे केले की प्रत्येक चमू आपापले बदल स्वतंत्रपणे सोडू शकतो, पण एखादी चूक नेमकी कोणत्या सेवेत झाली हे शोधणे अवघड होते. ही किंमत जो स्वतःहून सांगतो, त्याने ते काम खरोखर केले आहे याबद्दल मुलाखतकाराला शंका उरत नाही.

वही लिहिताना कंपनीची कागदपत्रे किंवा कोड घरी आणू नयेत. आपले वार्षिक मूल्यमापनाचे अर्ज आणि आपली स्मृती पुरेशी असते. आकडा नेमका आठवत नसेल तर ‘सुमारे’ म्हणावे. ग्राहकाचे नाव घेण्याऐवजी ‘एक मोठी विमा कंपनी’ असे म्हणावे. जो आधीच्या ग्राहकाची गुपिते मुलाखतीत सांगतो तो उद्या आपलीही सांगेल, असा विचार समोरचा माणूस करतोच.

‘माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही’ असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलची ईआरपी प्रणाली (खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारी) अकरा वर्षे सांभाळणारे एक गृहस्थ माझ्याकडे तयारीसाठी आले होते. ‘मी फक्त सपोर्ट पाहतो,’ एवढेच ते सांगत होते. तासभर बोलल्यावर वेगळेच चित्र समोर आले. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना जीएसटीखाली ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घेतलेले बिल, बंधनकारक झाले, तेव्हा सरकारी पोर्टलशी जोडणी करण्याचे काम यांच्याकडे आले. सुरुवातीला कारकून बिलाच्या स्क्रीनवर बटण दाबत असे आणि पोर्टलचे उत्तर येईपर्यंत स्क्रीन अडकून राहत असे. दुपारनंतर फाटकापाशी भरलेल्या ट्रकांची रांग लागे. यांनी असे ठरवले की, वजनकाट्यावर शेवटचे वजन नोंदले जाताच बिल मागच्या मागे रांगेत टाकायचे, आणि ट्रकवर ताडपत्री बांधली जात असताना पोर्टलकडून क्रमांक मिळवायचा. पोर्टलचे उत्तर मध्येच हरवले तर तेच बिल पुन्हा पाठवण्याआधी त्याचा क्रमांक आधीच तयार झाला आहे का, हे प्रथम तपासायचे. ट्रकचा थांबण्याचा वेळ सुमारे पाऊण तासावरून दहा-बारा मिनिटांवर आला. किंमत अशी की, रांगेत अडकलेली बिले दाखवणारा एक नवा स्क्रीन करावा लागला आणि त्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमावा लागला. हा प्रसंग कोणत्याही मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत ताठ मानेने सांगण्यासारखा आहे. बाहेरची सेवा बेभरवशाची असताना आपले काम कसे चालू ठेवायचे, हा प्रश्न बँकेत आणि डाळ मिलमध्ये एकच असतो.

दुसरी पायरी: ‘स्वतःबद्दल सांगा’

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत पहिला येतो, आणि बहुतेकांचे उत्तर गाव, वडिलांचा व्यवसाय, दहावीचे गुण, पदवीचे वर्ष अशा क्रमाने सुरू होते. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या उत्तरात पहिले मिनिट यात गेले तर मुलाखतकाराचे लक्ष रिझ्युमेकडे वळते आणि तो पुढचा प्रश्न शोधू लागतो. उत्तर आजपासून सुरू करावे. आज आपल्याकडे कोणती जबाबदारी आहे, मागील कामांतील कोणत्या दोन गोष्टी या जागेशी जोडल्या जातात आणि आपण येथे का आलो आहोत, एवढे तीन भाग दीड ते दोन मिनिटांत बसतात. एक नमुना पाहू:

‘सध्या मी विमा क्षेत्रातील एका प्रकल्पात सहा जणांच्या चमूचा तांत्रिक प्रमुख आहे आणि दाव्यांची प्रक्रिया करणाऱ्या सेवा माझ्याकडे आहेत. माझी बारा वर्षे जावा आणि डेटाबेस यांवर उभ्या असलेल्या प्रणालींत गेली. त्यांतील दोन कामे या जागेशी जुळतात. रात्री चालणारी हिशेबाची प्रक्रिया सात तास घेत असे आणि सकाळी शाखा उघडताना आकडे तयार नसत. ती मी दोन तासांवर आणली. त्यानंतर जावा ८ वरून जावा १७ वर जाताना सेवा बंद न ठेवता टप्प्याटप्प्याने बदल करण्याची योजना मी आखली आणि चमूकडून ती पूर्ण करून घेतली. आपल्याकडेही जुनी प्रणाली चालू ठेवून नवी उभी करायची आहे असे जाहिरातीवरून दिसते, म्हणून मी अर्ज केला.’

या उत्तरात मुलाखतकाराला पकडता येतील असे दोन धागे मुद्दाम ठेवले आहेत. पुढचा प्रश्न त्यांतीलच एकाबद्दल येण्याची शक्यता मोठी असते, आणि ते दोन्ही प्रसंग वहीत सविस्तर लिहिलेले असतात. दोन धागे पुरेत. पाच दिले तर एकही पकडला जात नाही. शेवटचे वाक्य मात्र प्रत्येक कंपनीसाठी नव्याने लिहावे लागते, कारण ते जाहिरात नीट वाचल्याशिवाय लिहिताच येत नाही.

तिसरी पायरी: ‘सर्वात कठीण प्रसंग सांगा’

मला विचाराल तर साऱ्या मुलाखतीचा निकाल बऱ्याचदा याच उत्तरावर लागतो, म्हणून तयारीचा निम्मा वेळ येथे द्यावा. आधी एका वाक्यात काय झाले आणि शेवट काय झाला ते सांगून टाकावे, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढील तपशील कोठे बसवायचा ते कळते. मग प्रसंग उलगडावा. उदाहरणार्थ:

‘आमची पैसे भरण्याची सेवा दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी अर्धा तास अडकत असे, त्याचे मूळ मी शोधले आणि ती अडचण कायमची दूर केली. सर्व्हर कमी पडत असावेत असा सर्वांचा अंदाज होता, पण दोन सर्व्हर वाढवूनही फरक पडला नव्हता. मी डेटाबेसच्या जोडण्यांचा आलेख पाहिला, तेव्हा त्या वेळी पन्नासच्या पन्नास जोडण्या वापरात दिसल्या. लेखा विभाग त्याच वेळी महिन्याचा अहवाल काढत होता आणि त्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली विचारणा, चार-चार मिनिटे जोडणी धरून बसत होती. जोडण्यांची संख्या वाढवणे, क्वेरी सुधारणे किंवा अहवाल डेटाबेसच्या केवळ वाचनासाठी असलेल्या प्रतीवर हलवणे असे तीन मार्ग होते. जोडण्या वाढवल्या असत्या तर तीच अडचण काही महिन्यांनी पुन्हा आली असती. क्वेरी सुधारायला तीन आठवडे लागणार होते आणि पुढची १ तारीख दहा दिवसांवर होती. म्हणून मी अहवाल प्रतीवर हलवला. त्यामुळे अहवालातील आकडे काही सेकंद मागे राहू लागले. ते चालेल का, हे लेखा विभागाला आधी विचारून घेतले होते. त्यानंतरच्या आठ महिन्यांत सेवा त्या कारणाने अडकली नाही.’

येथपर्यंतचे उत्तर अडीच ते तीन मिनिटांचे होते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण चांगला मुलाखतकार तीन-चार थर खाली उतरतो. जोडण्या पन्नासच का ठेवल्या होत्या, प्रत मागे पडली तर तुम्हाला कसे कळणार होते, सर्व्हर वाढवण्याचा निर्णय कोणाचा होता, आज हाच प्रसंग आला तर काय वेगळे कराल, असे प्रश्न तो विचारतो. म्हणून वहीतील प्रत्येक प्रसंगापुढे स्वतःलाच चार वेळा ‘का?’ विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. ज्या प्रसंगात आपण फक्त उपस्थित होतो तो प्रसंग दुसऱ्या ‘का’पाशीच उघडा पडतो, तो वहीतून काढून टाकावा, मग तो कितीही मोठा असो.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा प्रश्न येथेच येतो. आपल्या घरांत ‘मी केले’ म्हणणे बढाई मारणे मानले जाते, आणि चार माणसांच्या कामाचे श्रेय एकट्याने घेऊ नये ही शिकवण मला आजही योग्य वाटते. परंतु मुलाखतकार चमूला नोकरीवर घेत नाही. तोडगा सोपा आहे: ज्याचे जे काम होते ते त्याच्या नावे सांगावे. ‘आलेख माझ्या सहकारी अभियंत्याने तयार केले होते, त्यावरून निष्कर्ष मी काढला, आणि बदल आम्ही दोघांनी मिळून केला’ या वाक्यात प्रामाणिकपणाही राहतो आणि आपला वाटाही दिसतो.

चौथी पायरी: चूक, मतभेद आणि नोकरी बदलण्याचे कारण

‘तुमची एखादी मोठी चूक सांगा’ या प्रश्नाला ‘मी फार बारकाईने काम करतो, त्यामुळे वेळ लागतो’ असे उत्तर देणारा अनुभवी माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो. खरी चूक सांगावी, आणि तिच्यामुळे झालेले नुकसान लहान करून सांगू नये. माझी स्वतःची चूक मी अशी सांगत आलो आहे: पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका मोठ्या तक्त्यावर मी भर दुपारी साध्या पद्धतीने इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून केलेली सूची) बांधायला घेतला. तसा इंडेक्स बांधून होईपर्यंत त्या तक्त्यावर नवीन नोंदी लिहिता येत नाहीत. लेखन न थांबवता तो बांधण्याची ‘कॉनकरंटली’ ही वेगळी सोय आहे, आणि ती मला ठाऊक असूनही तक्ता लहान आहे असे मी गृहीत धरले. बावीस मिनिटे नवीन ऑर्डर नोंदल्या गेल्या नाहीत. महिनाभरात ९९.९ टक्के वेळ सेवा चालू ठेवायची असे ठरले असेल, तर तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटेच बंद राहण्याची मुभा असते. तिच्यातील निम्मी मी एका आज्ञेत संपवली. मी लगेच वरिष्ठांना कळवले, आज्ञा थांबवली, आणि त्यानंतर डेटाबेसच्या रचनेतील प्रत्येक बदलासाठी तक्त्याचा आकार आणि लागणारे कुलूप (बदल चालू असताना तक्ता इतरांसाठी अडवून धरणे) तपासण्याचा टप्पा आमच्या पद्धतीत कायमचा घातला. कुलूप ठराविक वेळेत मिळाले नाही तर बदल आपोआप मागे यावा, अशी मर्यादाही तेव्हाच लावली. चूक कबूल करण्यापेक्षा ती दुसऱ्या कोणाकडूनही होऊ नये यासाठी काय केले, हे ऐकण्यात मुलाखतकाराला अधिक रस असतो.

सहकाऱ्याशी किंवा वरिष्ठांशी झालेल्या मतभेदाचा प्रसंग सांगताना समोरच्याची बाजू आधी, आणि त्याला स्वतःलाही मान्य होईल अशा शब्दांत मांडावी. ‘त्यांना काही कळत नव्हते’ असे म्हणणारा उमेदवार आमच्या चर्चेत लगेच मागे पडतो. निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी नंतर आपण तो मनापासून राबवला, असा प्रसंग असेल तर तोच निवडावा.

नोकरी का सोडता, या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन वाक्यांत संपवावे. पुढे काय हवे आहे ते सांगावे. मागे काय सोसले ते सांगू नये. कर्मचारी कपातीत नोकरी गेली असेल तर ‘कंपनीने त्या विभागाची पदे कमी केली, त्यांत माझे पद होते’ असे सरळ सांगून थांबावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि लांबलचक स्पष्टीकरण दिले की नसलेली शंका निर्माण होते. आईवडिलांच्या आजारपणामुळे पडलेला खंडही असाच एका वाक्यात सांगता येतो. उणिवेचा प्रश्न आणि ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ हा प्रश्न यांवर फार वेळ घालवू नये: खरी पण सुधारता येणारी एक उणीव आणि तिच्यावर चालू असलेला उपाय, तसेच तांत्रिक वाटेवर राहायचे आहे की माणसांचे व्यवस्थापन करायचे आहे याचे एक स्पष्ट उत्तर, एवढे पुरते.

पाचवी पायरी: तांत्रिक प्रश्न आणि प्रणालीचा आराखडा

अनुभवी उमेदवाराला सर्व काही आले पाहिजे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. उत्तर माहीत नसेल तर ते लगेच सांगावे आणि त्यापुढे आपण ते कसे शोधू हे सांगावे: ‘हे साधन मी वापरलेले नाही, याच कामासाठी मी दुसरे साधन वापरले आहे, त्यात अमुक अडचण येत असे, ती येथे येते का हे मी प्रथम तपासेन.’ ऐकीव माहितीवर रचलेले उत्तर दोन उपप्रश्नांत कोसळते, आणि मग आधीच्या खऱ्या उत्तरांवरचा विश्वासही डळमळतो.

‘अमुक प्रणाली कशी उभाराल’ अशा आराखड्याच्या प्रश्नात लगेच चौकटी आणि बाण काढू लागणे ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे. आधी विचारावे: वापरकर्ते किती, वाचन जास्त की लेखन, माहिती एक सेकंद मागे राहिली तर चालेल का, काय हरवलेले अजिबात चालणार नाही. मग तोंडी हिशेब मांडावा. दिवसाला १ कोटी विनंत्या म्हणजे ८६,४०० सेकंदांत विभागल्यावर सेकंदाला सुमारे ११६ विनंत्या. गर्दीच्या वेळी दहापट धरल्या तरी सुमारे १,२००. हा आकडा ऐकल्यावर अनेकांनी मनात रचलेली अवाढव्य प्रणाली अनावश्यक ठरते, आणि ‘एवढ्यासाठी एक चांगला डेटाबेस आणि त्याची एक प्रत पुरेल, त्यापुढे वाढ झाली की अमुक करू’ असे म्हणण्याचे धैर्य अनुभवी माणसाकडून अपेक्षित असते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दलही विचारले जाते. येथेही निर्णयच सांगावा: चाचण्या लिहिण्यासाठी किंवा अनोळखी कोड समजून घेण्यासाठी ती वापरतो, पैशांचा हिशेब करणाऱ्या भागात त्यांचे उत्तर ओळ न् ओळ वाचल्याशिवाय स्वीकारत नाही, आणि कंपनीने परवानगी दिलेल्या साधनाखेरीज कोठेही कंपनीचा कोड टाकत नाही. अट एवढीच की हे सर्व खरे असले पाहिजे, कारण पुढचा प्रश्न ‘गेल्या आठवड्यातील उदाहरण द्या’ असा येतो.

सहावी पायरी: ‘तुम्ही जळगावला का राहता?’

घरून काम मागणाऱ्या खान्देशातील उमेदवाराला हा प्रश्न विचारला जातोच. प्रश्नाच्या मागे चार शंका असतात: इंटरनेट टिकते का, वीज गेली तर काय, बोलावल्यावर कार्यालयात येता येईल का, आणि हा माणूस दुसरा उद्योग तर करत नाही ना. आईवडील येथे आहेत हे कारण एका वाक्यात सांगावे आणि उरलेला वेळ व्यवस्था सांगण्यात घालवावा. घरी फायबरची जोडणी आहे, दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट पर्यायी ठेवले आहे, इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप किती तास चालतात हे मोजून पाहिले आहे, आणि महिन्यातून एकदा रात्रीची गाडी धरून सकाळी पुण्याच्या कार्यालयात हजर राहता येते, असे नेमके उत्तर असेल तर शंका तेथेच संपते.

रावेर-यावलकडच्या मंडळींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. घरची केळीची बाग असल्याचे आपण सहज, कौतुकाने सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र हा माणूस दुपारी बागेत असेल असे वाटू शकते. शेतीचा विषय निघालाच तर ती कोण पाहते आणि आपल्या कामाचे तास कोणते, हे त्याच दमात सांगावे. अनेक कंपन्यांच्या करारात दुसरी नोकरी करण्यास मनाई असते आणि भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर नोकऱ्यांच्या तारखा नोंदलेल्या असतात, त्यामुळे याबाबत काहीही झाकून ठेवू नये.

सातवी पायरी: पगार आणि नोटीस पीरिअड

सध्याचा पगार विचारला तर खरा सांगावा किंवा सांगू इच्छित नाही असे नम्रपणे म्हणावे; खोटा आकडा कधीही सांगू नये, कारण पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ मागितले जातात. अपेक्षेचा आकडा सांगण्याआधी जागेची जबाबदारी नीट समजून घ्यावी. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा, आकडा ऐकून होकार देऊ नये. त्यात दरमहा हातात येणारा भाग किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती, कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरली आहे का, रुजू होताना मिळणारी रक्कम लवकर सोडल्यास परत करावी लागते का, हे लेखी मागावे. कायमस्वरूपी नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, म्हणून ती पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर राजीनाम्याची तारीख ठरवण्यापूर्वी हिशेब करावा.

आपल्याकडे बऱ्याच माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नोटीस पीरिअड ९० दिवसांचा असतो. ‘तीस दिवसांत येतो’ असे आश्वासन सध्याच्या कंपनीशी बोलल्याशिवाय देऊ नये. ‘करारानुसार ९० दिवस आहेत, शिल्लक रजा आणि कामाचे हस्तांतर पाहून ६० दिवसांसाठी विनंती करीन, पण शब्द ९० दिवसांचाच देतो’ हे उत्तर सुरक्षित आहे. हातात लेखी ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा देऊ नये, आणि जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

सराव आणि प्रत्यक्ष दिवस

मुलाखत बहुधा इंग्रजीत होते आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना तिचेच दडपण असते. माझा अनुभव असा आहे की, उत्तर अडखळते ते इंग्रजीमुळे कमी आणि प्रसंग मनात जुळवलेला नसल्यामुळे अधिक. म्हणून प्रत्येक प्रसंग आधी घरात, अहिराणीत किंवा लेवा बोलीत, या क्षेत्राशी संबंध नसलेल्या माणसाला सांगून पाहावा. बहिणीला किंवा पत्नीला काय अडले होते आणि आपण काय ठरवले हे कळले, तर प्रसंग जुळला आहे. मगच तो इंग्रजीत, लहान वाक्यांत, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. ऐकताना तीन गोष्टी मोजाव्यात: एकूण मिनिटे, ‘आम्ही’ किती वेळा आले, आणि पहिला आकडा कोणत्या मिनिटाला आला. उत्तरे पाठ करू नयेत. प्रसंगाचे चार-पाच टप्पे लक्षात ठेवून वाक्ये दर वेळी नवी होऊ द्यावीत.

घरून मुलाखत देणाऱ्यांसाठी एक स्थानिक सूचना आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी कूलरशिवाय बसवत नाही, पण कूलरचा आवाज माइकवर इतका मोठा येतो की समोरच्याला निम्मे शब्द कळत नाहीत. शक्य असेल तर सकाळची वेळ मागावी, खोली आधी थंड करून कूलर बंद करावा आणि हेडफोनचा माइक वापरावा. लग्नसराईत गल्लीतील मांडवाची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी. मोबाइल इंटरनेट आधीच लॅपटॉपला जोडून पाहावे, म्हणजे वीज गेली तरी अर्ध्या मिनिटात बोलणे पुन्हा सुरू होते.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटले जाते. तेव्हा गप्प राहू नये. या जागेवरच्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत काय पूर्ण करावे अशी अपेक्षा आहे, रात्री सेवा बंद पडली तर कोणाला उठवले जाते आणि महिन्यातून किती वेळा, आणि अलीकडे चमूने मागे घेतलेला एखादा तांत्रिक निर्णय कोणता, हे तीन प्रश्न मी सुचवतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचे लोक मोकळे बोलतात की एकमेकांकडे पाहतात, यावरून त्या ठिकाणी चुका कशा हाताळल्या जातात हे बरेचसे समजते.

मुलाखत संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत वहीच्या मागच्या पानांवर विचारलेला प्रत्येक प्रश्न, आपण सांगितलेला प्रसंग आणि जेथे अडखळलो ती जागा लिहून ठेवावी. त्याच पानावर सांगितलेला पगाराचा आकडा आणि नोटीसचे दिवसही लिहावेत, कारण पुढच्या फेरीत एचआरकडून तेच पुन्हा विचारले जाते आणि दोन्ही उत्तरे सारखी असावी लागतात.